नवी मुंबईत जुनं घर घेताना: नोड ठरला, पण सिडकोच्या दप्तरात नाव कुणाचं?

नवी मुंबईत घर बघायचं म्हटलं की पहिला प्रश्न "कुठला नोड?" हाच. नोड म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने आखलेला एकेक भाग. वाशी परवडत नाही, नेरूळला इमारती जुन्या, खारघरला पाण्याची बोंब, उलवे लांब, अशी चर्चा महिनोन्महिने चालते. नोड निवडणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. आम्ही अडकलो ते पुढे, ज्या प्रश्नाबद्दल तोवर कुणी चकार शब्द काढला नव्हता त्यावर: हे घर आज सिडकोच्या दप्तरात कुणाच्या नावावर आहे?

नोड आम्ही लोकलच्या मार्गावरून गाळले. घरात एकाचं ऑफिस फोर्टला आणि दुसऱ्याचं ठाण्याला असेल तर नेरूळ आणि बेलापूरला तोड नाही. सीएसएमटीची हार्बर, ठाण्याची ट्रान्सहार्बर आणि उरणची गाडी, तिन्ही तिथून मिळतात. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे फक्त ट्रान्सहार्बरवर आहेत, त्यामुळे फोर्टला जायचं तर गाडी बदलणं आलंच. उलव्याकडे २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत रेल्वे आली, जानेवारी २०२४ मध्ये ती उरणपर्यंत गेली आणि त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला. पण त्या मार्गावर दोन गाड्यांमधलं अंतर मोठं आहे, जाहिरातीत ते लिहीत नाहीत. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते, त्यामुळे खारघरच्या आतल्या सेक्टरांचं रिक्षावरचं अवलंबन बरंच कमी झालं. विमानतळाजवळचं घर दाखवायला नेलं तर गच्चीवर अर्धा तास थांबा. "विमानतळापासून दहा मिनिटं" म्हणजे विमानंही आपल्यापासून तेवढीच जवळ.

पाण्याचं एजंटला विचारू नका, त्याला "चोवीस तास" एवढं एकच उत्तर येतं. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका आहे आणि तिचं स्वतःचं मोरबे धरण आहे. पुढचं खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे २०१६ पासून पनवेल महापालिकेत आणि पाणी हेटवणे, पाताळगंगा असं ठिकठिकाणचं, मागणीला पुरं न पडणारं. सोसायटीच्या वार्षिक अहवालातलं जमाखर्चाचं पान मागून घ्या आणि त्यात टँकरची ओळ शोधा. मार्च ते मे या महिन्यांची टँकरची बिलं बघायला मिळाली तर उत्तमच.

खाडीकडचे बरेच सेक्टर भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. पावसाचं पाणी धारण तलावात साठवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं, अशी तिथली मूळ रचना. तलावांत गाळ साचला, कांदळवन वाढलं आणि कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले की पाणी तुंबतं. अशा ठिकाणी तळमजल्यावरच्या मीटर बॉक्सखालची भिंत बघायची. रंग नवा दिलेला असला तरी एका रेषेखाली प्लास्टर फुगलेलं असतं, हाताने दाबलं की भुगा पडतो. तळोजा एमआयडीसीचा वास रात्री येतो. घरं मात्र सगळे रविवारी सकाळी अकराला दाखवतात.

एवढं पाहिलं की सेक्टर ठरतो. पण इथली जमीन सिडकोची आणि आपण भाडेपट्ट्यावर. मूळ भाडेपट्टा साधारण ६० वर्षांचा, म्हणून किती वर्षं उरली ते आधी विचारून घ्यायचं. फ्रीहोल्डच्या, म्हणजे जमीन पूर्ण मालकीची करून देण्याच्या, घोषणा अधूनमधून ऐकू येतात. सौद्याच्या दिवशी त्या इमारतीच्या कागदावर जे असेल तेच धरायचं. सेक्टर निवडताना तिथली घरं कुठल्या वाटेने उभी राहिली हेही बघावं लागतं. काही सिडकोने स्वतः बांधून वाटलेली. काही निविदेने विकलेल्या भूखंडांवरची. काही साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची, म्हणजे ज्या गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्यांना विकसित करून परत दिलेल्या भूखंडांवरची. तिथे मूळ गावकरी, बिल्डर आणि सिडको यांच्यातला ट्रायपार्टी करार बघितल्याशिवाय पुढचं बोलायचंच नाही. आणि काही गावठाणातली, "गरजेपोटी" म्हणून परवानगीशिवाय बांधलेली. ती त्याच सेक्टरच्या भावाच्या निम्म्यात दाखवतात, पण ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नसते आणि मोठ्या बँका कर्जाला हात लावत नाहीत. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांवर चढवलेल्या मजल्यांचंही तेच: बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम सरळ शून्य धरतो.

आम्ही पाहिलेलं घर सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतीतलं. लाइट बिल विक्रेत्याच्या नावावर, मालमत्ता कराची पावती त्याच्याच नावावर, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही त्याचंच. एजंट म्हणाला, "मॅडम, पेपर एकदम क्लिअर आहेत." नवी मुंबईत या वाक्याचा अर्थ एवढाच की एजंटने पेपर पाहिलेले नाहीत.

घोळ इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, होता. ते एकाच पानाचं असतं आणि वाचता येतं. पहिला रकाना विलेखाचा प्रकार, सातवा दस्तऐवज करून देणाऱ्याचं नाव, आठवा करून घेणाऱ्याचं. आठव्यात आमचा विक्रेता होता, ठीक. सातव्यात मात्र एक भलतंच नाव आणि त्यापुढे "तर्फे कु. मु." असं लिहून दुसरं नाव. कु. मु. म्हणजे कुलमुखत्यार, मालकाच्या वतीने सही करायचा अधिकार दिलेला माणूस. ज्याला सिडकोने घर दिलं त्याने ते दुसऱ्याला रोख घेऊन दिलं, पण विक्रीचा दस्त न करता कुलमुखत्यारपत्र लिहून दिलं. दुसऱ्याने त्या मुखत्यारपत्राच्या जोरावर ते तिसऱ्याला, म्हणजे आमच्या विक्रेत्याला, रजिस्टर कराराने विकलं. सिडकोला कुणी काही कळवलं नाही. दप्तरात नाव अजून पहिल्याचंच.

ही गोष्ट एकाच घराची नाही. नवी मुंबईच्या जुन्या सेक्टरांत "मुखत्यारपत्रावर घेतलंय" हे वाक्य पूर्वी सर्रास ऐकू यायचं. कारण साधं: सिडकोच्या परवानगीशिवाय घर विकता येत नाही, हस्तांतरणाचं शुल्क भरावं लागतं, आणि वाटपानंतर ठरावीक वर्षं विकायला बंदी असायची. मुखत्यारपत्राने ते सगळं टळायचं. वाचवलेल्या चार पैशांचा भुर्दंड शेवटी येणाऱ्याच्या गळ्यात पडतो, आणि मधले सगळे आरामात असतात, याचा राग मला अजून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. तरी एजंट अजून सांगतात, "इथे असंच चालतं."

लाइट बिल, कर पावती, शेअर सर्टिफिकेट यांतलं काहीही मालकीचा पुरावा नाही. महावितरण आणि महापालिका अर्ज करणाऱ्याच्या नावावर बिल बदलून देतात, सोसायटी ठराव करून शेअर्स वळवते. नेमका मागायचा कागद एकच: विक्रेत्याच्या नावाचा सिडकोचा हस्तांतरण आदेश, ज्याला सगळे ट्रान्सफर ऑर्डर म्हणतात. तो नसेल तर विक्रेता अजून दप्तरात आलेलाच नाही, असं समजून चालायचं. हा कागद टोकन देण्याआधी मागायचा. एजंट "नंतर देतो" म्हणाला की तिथेच थांबायचं.

साखळी सरळ करायला काय लागतं, तर पहिला वाटपधारक हयात आहे का यावर सगळं ठरतं. हयात असेल आणि यायला तयार असेल तर त्याच्या सहीने मधली हस्तांतरणं क्रमाने नियमित करून घेता येतात. प्रत्येक टप्प्याचं शुल्क वेगळं, ते घराच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि दर बदलत असतात, म्हणून आकडा एजंटकडून न घेता सिडकोच्या लेखी मागणीपत्रातच बघायचा. सोबत सोसायटीचं ना हरकत पत्र, कर आणि पाणी थकीत नसल्याचे दाखले, मूळ वाटपपत्र, आधीचे सगळे करार, प्रतिज्ञापत्रं, हमीपत्र. विक्रेत्याचं जुनं कर्ज असेल तर त्या बँकेचंही पत्र. परवानगी हातात आल्यावर दस्त नोंदवायचा, आणि नोंदवलेला दस्त परत जमा करून अंतिम आदेश घ्यायचा. हा शेवटचा टप्पा बरेच जण सोडून देतात, आणि पुढच्या खरेदीदाराला पुन्हा हेच सगळं निस्तरावं लागतं.

पहिला माणूस वारलेला असेल तर काम कैकपट वाढतं. मुखत्यारपत्र देणारा गेला की साधारणपणे मुखत्यारपत्र संपतं. मोबदला घेऊन दिलेलं होतं, म्हणून ते टिकतं, असा मुद्दा वकील मांडतात. बँक त्या वादात पडत नाही. मग कोर्टाचं वारस प्रमाणपत्र, सगळ्या वारसांच्या सह्या, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि हरकतींची मुदत. एक बहीण गावी, एक भाऊ परदेशात, हे ठरलेलंच. परदेशातून येणारं मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात किंवा तिथल्या नोटरीपुढे साक्षांकित झालेलं लागतं आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत चुकली तर आणखी एक कटकट.

जुन्या मुखत्यारपत्राचा आणखी एक काटा असतो. पैसे घेऊन विक्रीसाठी दिलेल्या मुखत्यारपत्राला महाराष्ट्रात विक्रीच्या दस्ताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. जुनी मुखत्यारपत्रं मात्र किरकोळ किमतीच्या स्टँप पेपरवर केलेली असतात. बँकेच्या वकिलाने ते हेरलं की कमी भरलेलं शुल्क आणि त्यावर महिन्यागणिक चढलेला दंड भरून घ्यायला सांगतात. तो कुणी भरायचा यावरून सौदे मोडतात.

आमच्या बाबतीत पहिले वाटपधारक हयात होते, वय झालेलं पण सही ठणठणीत, म्हणून काम झालं. सगळ्यात जास्त वैताग दिला तो एका बँकेने. कर्ज मंजूर, मंजुरीपत्र हातात, आणि मग त्यांच्या वकिलाच्या शंका एकेक करून आल्या. एका शंकेचं उत्तर दिलं की दुसरी. मंजुरीपत्राला मुदत असते. ती टळली की नवीन पगारपत्रकं, नवीन बँक स्टेटमेंट, आणि मधल्या काळात व्याजदर बदलला असेल तर तोही नवा. यावर उपाय एकच सापडला: अर्जाच्या वेळीच सगळी साखळी एका फाइलमध्ये क्रमाने लावून द्यायची, वर एका पानावर कुणाकडून कुणाकडे, कुठल्या तारखेला, दस्त क्रमांक काय एवढं लिहायचं, आणि वकिलाकडून सगळ्या शंका एकदम लेखी मागायच्या. तोंडी "चालेल" याला बँकेत किंमत नाही.

टोकनचं तर लिहून ठेवा. रक्कम लहान ठेवायची आणि विसार पावतीत तीन गोष्टी हव्यातच. हस्तांतरण विक्रेत्याच्या नावावर होण्याची तारीख. मधल्या टप्प्यांचं शुल्क, मुद्रांक आणि दंड विक्रेत्याकडे. ठरल्या तारखेला परवानगी आली नाही तर टोकन पूर्ण परत. एजंट म्हणतो की एवढं लिहिलं तर पार्टी बिथरेल. बिथरली तर बिथरू दे, सेक्टरमध्ये दुसरी घरं आहेत.

नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर घराचा नंबर टाकला आणि काहीच आलं नाही, म्हणून घर स्वच्छ असं समजू नका. जुन्या नोंदींत नंबर "बी-२/४/१", "बी २ खोली ४" अशा हव्या त्या तऱ्हेने लिहिलेले असतात. गावाचं जुनं नाव निवडून, वर्षं बदलून, नावांवरूनही शोधायचं. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं आणि खारघरपासून पुढे रायगड, त्यामुळे जिल्हा चुकला तर पान कोरंच येणार. प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक जुन्या पद्धतीचा असेल तर त्यावरूनही हे कळतं: ठाण्याचा पी५१७ ने सुरू व्हायचा, रायगडचा पी५२० ने.

पनवेल महापालिकेच्या हद्दीत आणखी एक तपासा: मालमत्ता कर २०१६ पासूनच्या मागच्या तारखेने लागला आणि अनेकांनी तो वादामुळे भरलेला नाही. थकबाकी घराबरोबर येते. ना थकबाकी दाखला ताज्या तारखेचा घ्या.

मुद्रांक शुल्कात बायकांना १ टक्का सवलत आहे, पण सगळे खरेदीदार स्त्रिया असतील तरच. नवऱ्याचं नाव दस्तात घातलं की ती गेली. कर्जात त्याला सहअर्जदार ठेवता येतं का, हे बँकेला आधी विचारा, दस्त टाइप झाल्यावर नाही. सोसायटी हस्तांतरणासाठी प्रीमियम म्हणून महापालिका क्षेत्रात २५ हजारांच्या वर मागू शकत नाही. "देणगी" म्हणून मागितलं तर पावती मागा, विषय तिथेच संपतो. आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो. विक्रेते अनेक असतील तर प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा. त्यातला एक वारस परदेशात राहणारा असेल तर हा १ टक्क्याचा हिशेब त्याच्या हिश्शाला लागूच होत नाही, दर बराच जास्त असतो. चेक लिहायच्या आधी सीएला गाठा.