‘एक्झॉटिका’ची मोनो प्रत अखेर हाती लागली

मंडळी, फेब्रुवारीपासून जिच्या मागावर होतो ती पियानोवादक मार्टिन डेनीच्या ‘एक्झॉटिका’ या रेकॉर्डची मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेली) प्रत गेल्या शनिवारी मिळाली. लिबर्टी कंपनी, क्रमांक एलआरपी ३०३४, फिरोजी लेबल. पासाडीनाजवळच्या एका घरात इस्टेट सेल (घरातल्या जुन्या सामानाची विक्री) होता, तिथे ख्रिसमसच्या गाण्यांच्या गठ्ठ्यात सापडली. कव्हरचा कणा खालून उसवलाय, मागे कुणीतरी निळ्या पेनाने आपलं नाव लिहिलंय, पण तबकडी सपाट आहे आणि उजेडात तिरकी धरली तर केसाएवढे चरे सोडून काही दिसत नाही.

गेल्या नोंदीनंतर काही जणांनी विचारलं होतं, स्टिरिओ प्रत सहज मिळते, तर मोनोचा एवढा हट्ट कशाला? कारण ती दोन वेगळी ध्वनिमुद्रणं आहेत. मूळ मुद्रण डिसेंबर १९५६मध्ये होनोलुलूत झालं, रेकॉर्ड १९५७मध्ये आली, आणि तिच्यात व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांवर ठोके देऊन वाजवायचं वाद्य) आर्थर लायमन आहे. पुढे स्टिरिओची मागणी वाढली तेव्हा लिबर्टीने १९५८मध्ये तीच गाणी पुन्हा वाजवून घेतली. तोवर लायमन डेनीला सोडून गेला होता आणि त्याच्या जागी ज्युलियस वेक्टर आला होता. वेक्टर उत्तम वादक, त्यात वादच नाही. पण लायमन सूर सोडतो आणि तो विरेपर्यंत थांबतो, ते थांबणं दुसऱ्या मुद्रणात मला सापडत नाही. म्हणून दुकानात रेकॉर्ड हातात आली की आधी क्रमांक बघा: एलआरपी म्हणजे मोनो, एलएसटी म्हणजे स्टिरिओ.

आठवडाभर ती ऐकतोय. पहिलंच ‘क्वाएट व्हिलेज’. मूळ रचना लेस बॅक्स्टरची, १९५१ची, मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली. डेनीने ती चारपाच माणसांवर आणली. हवाईयन व्हिलेज हॉटेलच्या शेल बारमध्ये हा संच वाजवायचा तेव्हा शेजारच्या तळ्यातले बेडूक ओरडायला लागत, आणि वादक मंडळी जागच्या जागी पक्ष्यांचे आवाज काढायची. दुसऱ्या दिवशी लोक येऊन ‘ते बेडकांचं गाणं वाजवा’ म्हणायला लागले. रेकॉर्डवरचे बहुतेक पक्षी ऑगी कोलोनच्या गळ्यातले. बोंगो-काँगा हे हाताने वाजवायचे ढोलही तोच वाजवतो. आई सध्या इथे आली आहे. तिला ऐकवलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘पाखरू नाही रे हे, माणूस आहे. पण किती मनापासून ओरडतोय!’ या संगीताबद्दल याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

थोडं तांत्रिक. मोनो रेकॉर्डमध्ये सूर खोबणीच्या आडव्या हालचालीत असतो. उभ्या हालचालीत असते ती बहुतेक धूळ आणि झीज. स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) दोन्ही उचलतं, म्हणून खरखर उगाच वाढते. ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबलं की दोन्ही वाहिन्या एकत्र होतात, उभा भाग एकमेकांना खोडून टाकतो आणि निम्मी कुरकुर जागीच गायब. माझ्या ॲम्प्लिफायरला बटण आहे. नसेल तर वायरीच्या जोडणीनेही हेच साधतं. धुण्यासाठी मी डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतो, मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने पुसतो, आणि रात्रभर उभी वाळवतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

लायमनची स्वतःची ‘टाबू’ (हाय-फाय कंपनी, १९५८) एप्रिलमध्येच घेतली होती, तिच्याबद्दल लिहायचं राहिलं. हवाईयन व्हिलेजचा मालक हेन्री कायझर याच्या अॅल्युमिनियमच्या घुमटात, मध्यरात्रीनंतर, एका दमात केलेलं मुद्रण. प्रत्येक ठोक्यामागे घुमटाची गुंज तीनेक सेकंद रेंगाळते. हेडफोन लावून, दिवे मालवून ऐका.

आता या महिन्यातल्या दुसऱ्या रेकॉर्डबद्दल, जी मला अजून पचलेली नाही. फँटसी कंपनीची, पारदर्शक लाल व्हिनाइलची, कोर्ला पंडितची. डोक्यावर फेटा, फेट्यावर रत्न. १९४९पासून लॉस एंजेलिसच्या दूरचित्रवाणीवर हा माणूस एका हाताने हॅमंड ऑर्गन आणि दुसऱ्याने पियानो वाजवायचा, एक शब्द न बोलता थेट कॅमेऱ्यात बघत. दिल्लीत जन्म, वडील ब्राह्मण, आई फ्रेंच गायिका, असं तो सांगायचा. १९९८मध्ये तो गेला आणि तीन वर्षांनी उघड झालं की तो मिसूरीतला कृष्णवर्णीय वादक जॉन रोलंड रेड होता. लॉस एंजेलिसमध्ये वादकांच्या संघटनासुद्धा १९५३पर्यंत गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी होत्या. आम्हा भारतीयांचं नाव पांघरून त्याने आयुष्य काढलं, याचा मला आधी राग आला होता. रेकॉर्ड तिसऱ्यांदा लावली तेव्हा तो उरला नाही. ज्याला स्वतःच्या नावाने त्या पडद्यावर बसता आलं नसतं, त्याने दुसऱ्या नावाने पन्नास वर्षं हे निभावलं. ऑर्गनवर डाव्या हाताने तो ढोलाचा ठेका धरतो तिथे वादक म्हणून तो पूर्ण खरा आहे. त्याच्या रेकॉर्डी मी यापुढेही घेणार.

बाकी राहिली रॉबर्ट ड्रॅस्निनची ‘वूडू’, टॉप्स, १९५९. पियानोवर तरुण जॉन विल्यम्स, पुढे चित्रपटसंगीतासाठी गाजलेला. टॉप्स हे स्वस्त लेबल, किराणा आणि औषधांच्या दुकानात विकलं जायचं, त्यामुळे रेकॉर्डी घरातल्या जडशीळ टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) ग्रामोफोनवर पोरांच्या हाती झिजल्या. आतापर्यंत तीन प्रती पाहिल्या. दोन करवतल्यासारख्या, तिसरीत रेकॉर्डच दुसरी निघाली. कव्हर बघून घाईने पैसे देऊ नका, आधी आतली तबकडी बाहेर काढून बघा. पुढच्या रविवारी लाँग बीचला जातोय, तिथे पुन्हा शोधतो.