पोर्टल चालत नाही, की आपलं मशीन?

रिटर्नच्या हंगामात नाशिकच्या कॅनडा कॉर्नरपासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही कर सल्लागाराच्या ऑफिसात जा, दुपारनंतर एकच वाक्य कानावर पडतं: "पोर्टल चालत नाहीये." पोर्टल म्हणजे प्राप्तिकराची किंवा जीएसटीची साइट. कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याच वेळा दुखणं तीनपैकी एका जागी असतं. एक तर आपल्या मशीनमध्ये, नाहीतर आपण बनवलेल्या फाइलमध्ये, नाहीतर त्या पॅनवर खात्याकडे नोंदलेल्या माहितीत. कुठे आहे ते न शोधता ब्राउझर बदलत बसलं, की अर्धा दिवस जातो आणि क्लायंट समोर ताटकळतो.

शोधायला दोन मिनिटं पुरतात. आधी इनकॉग्निटो विंडोत लॉगिन करा. तिथे चाललं तर कॅशे आणि कुकीज साफ करा, काम झालं. नाही चाललं तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. हॉटस्पॉटवर चाललं तर ऑफिसचं नेट किंवा राउटर तपासायचा. तिथेही अडलं तर दुसऱ्या एखाद्या क्लायंटच्या पॅनने लॉगिन करून तीच पायरी करून पाहा. दुसऱ्याचं होतंय आणि याचंच अडतंय, म्हणजे भानगड या पॅनच्या माहितीत आहे. सगळ्यांचंच अडतंय, तेव्हा मात्र पोर्टलला दोष द्यायला हरकत नाही.

डीएससी

डीएससी म्हणजे यूएसबी टोकनमध्ये ठेवलेली डिजिटल सही. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे सविस्तर. कंपनीचं रिटर्न आणि सीएचा ऑडिट रिपोर्ट डीएससीशिवाय जातच नाही, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात या बोटभर टोकनवर सगळं अडून बसतं.

सही होत नसेल तर पोर्टल बाजूला ठेवा आणि आधी टोकनचं स्वतःचं सॉफ्टवेअर उघडा. ईपासचं असो, प्रॉक्सकीचं असो. पासवर्ड टाकल्यावर त्यात सर्टिफिकेट दिसतंय का? दिसत नसेल तर ड्रायव्हर नीट बसलेला नाही किंवा यूएसबी पोर्ट ढिला आहे. पुढच्या बाजूचे पोर्ट झिजलेले असतात, मागच्या पोर्टला लावून बघा. इथे पासवर्ड आठवत नसेल तर अंदाजाने टाकत राहू नका. ठराविक प्रयत्नांनंतर टोकन लॉक होतं आणि मग ते देणाऱ्याकडे धाव घ्यावी लागते.

सर्टिफिकेट दिसलं, वैधतेची तारीख पुढची आहे, तरी पोर्टलला ते सापडत नाही? मग मधला दुवा तुटलाय. टोकन आणि ब्राउझर जोडणारं सॉफ्टवेअर प्राप्तिकराला एमब्रिज लागतं आणि जीएसटीला एमसायनर. स्टार्ट मेन्यूतून 'सर्व्हिसेस' उघडा, एमब्रिज चालू आहे का ते बघा आणि रीस्टार्ट करा. एमसायनर मात्र आयकॉनवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नेच सुरू करायचं. मग ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएस लावून 127.0.0.1:1585 हा पत्ता टाकायचा. लाल इशारा येतो, त्यात 'ॲडव्हान्स्ड' आणि मग 'प्रोसीड'. इशारा पाहून पुष्कळ जण टॅब बंद करतात, पण हा पत्ता आपल्याच मशीनचा आहे. तो ब्राउझरने एकदा मान्य केला की सहीची खिडकी उघडते. तरीही नाही उघडली तर अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये एमसायनर अडकलंय का ते पाहा.

एक बारीक गोष्ट जुन्या डेस्कटॉपवर हमखास छळते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर 2032. ती उतरली की लाइट जाऊन आल्यावर मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग ब्राउझरला पोर्टलचं सुरक्षा प्रमाणपत्र चुकीचं वाटतं आणि डीएससीही 'अजून वैध झालेली नाही' असं दिसतं. लोक ड्रायव्हर तीनदा टाकून बसतात. आधी उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. बॅटरी किरकोळ किमतीत मिळते आणि पाच मिनिटांत बदलून होते.

दोन टोकन एकाच वेळी लावून ठेवू नका, यादीत भलत्याचंच सर्टिफिकेट निवडलं जातं. डीएससी नूतनीकरण करून आणली असेल तर पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये ती पुन्हा नोंदवावी लागते, जुनी नोंद आपोआप बदलत नाही. कंपनीच्या बाबतीत संचालकाची डीएससी आधी त्याच्या स्वतःच्या पॅनच्या लॉगिनमध्ये नोंदवलेली हवी आणि कंपनीच्या प्रोफाइलमध्ये तोच मुख्य संपर्क म्हणून हवा. अंबड-सातपूरच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये संचालक बदलतो आणि हा संपर्क बदलायचा राहून जातो. ऑडिट रिपोर्टचंही ध्यानात ठेवा: सीएने अपलोड केला म्हणजे संपलं असं नाही, करदात्याने वर्कलिस्टमधून तो स्वीकारायचा असतो.

एक्सेलने खाल्लेले आकडे

रिटर्न भरायची खात्याची एक्सेल फाइल, म्हणजे युटिलिटी, डाउनलोड केल्यावर मॅक्रो (बटणांमागचा प्रोग्राम) चालत नाहीत, बटणं दाबली तरी ढिम्म. इंटरनेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो आता एक्सेल स्वतःच अडवतं. फाइल बंद करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'वर टिक, ओके. मग उघडा. तारखा स्वीकारत नसेल तर विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश-इंडिया आणि दिवस-महिना-वर्ष हा क्रम ठेवा. अमेरिकन क्रमावर 12/05 ही तारीख 5 डिसेंबर होते आणि कुठलाही एरर न येता चुकीची राहते. तो एरर न येणं हाच धोका.

चलनावरचा बीएसआर कोड, म्हणजे बँक शाखेचा क्रमांक, सात आकडी असतो आणि पुष्कळदा शून्याने सुरू होतो. एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकला की शून्य गायब होऊन सहा आकडे उरतात आणि चलन जुळत नाही. बँकेच्या खात्याचा क्रमांक 15 पेक्षा जास्त आकडी असेल तर एक्सेल सोळाव्यापासूनचा आकडा शून्य करून टाकतं. असे रकाने भरण्याआधी 'टेक्स्ट' करायचे. भरल्यावर केले तर गेलेला आकडा परत येत नाही, पुन्हा टाइप करावा लागतो.

पत्त्याच्या रकान्यात वर्ड किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेला मजकूरही त्रास देतो. त्यात एखादं देवनागरी अक्षर, वळणदार अवतरणचिन्ह किंवा लपलेला एंटर असतो आणि फाइल तपासणीत बाद होते. आधी नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथून उचला. पण युटिलिटीतून अपलोडसाठी तयार झालेली जेसन फाइल मात्र नोटपॅडमध्ये उघडून हाताने दुरुस्त करू नका. फाइलमध्ये मजकुरावरून काढलेला एक डायजेस्ट, म्हणजे पडताळणीचा कोड, असतो. एक अक्षर बदललं तरी तो जुळत नाही. दुरुस्ती युटिलिटीत करायची आणि फाइल नव्याने बनवायची.

सातबारा आणि शेतीचं उत्पन्न

हे आपल्या जिल्ह्याचं खास दुखणं. निफाड, दिंडोरी, चांदवडचे द्राक्ष आणि कांदा उत्पादक, ज्यांचं दुकान, नोकरी किंवा भाडंही आहे, त्यांच्या रिटर्नमध्ये सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

शेतीचं उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-1 हा साधा रिटर्न फॉर्म चालत नाही. निव्वळ उत्पन्न 5 लाखांच्या वर गेलं की करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात जमिनीचा तपशील भरावाच लागतो: जिल्हा पिनकोडसह, क्षेत्र, मालकीची की खंडाने घेतलेली, बागायत की जिरायत. इथे क्षेत्र एकरात विचारलेलं असतं आणि सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. सातबाऱ्यावर 1.62 दिसलं की घाईत 1.62 च टाकलं जातं. खरं म्हणजे 1 हेक्टर 62 आर म्हणजे 1.62 गुणिले 2.471, अर्थात जवळजवळ 4 एकर. निव्वळ उत्पन्न 9 लाख असेल तर बरोबर क्षेत्रावर एकरी सव्वादोन लाख पडतात आणि चुकीच्या क्षेत्रावर साडेपाच लाखांच्या वर. शेतकऱ्याने काहीही लपवलेलं नसताना केवळ एकक चुकल्यामुळे प्रश्न विचारला जाण्याची वाट आपणच मोकळी करतो. हे मनाला लागण्यासारखं आहे, कारण उत्तर देण्याचा मनस्ताप शेवटी त्यालाच होतो.

सामाईक खातं असेल तर पूर्ण गटाचं क्षेत्र न टाकता त्या खातेदाराच्या नावापुढचं क्षेत्र घ्या. सातबारा जुना झेरॉक्स चालवू नका, महाभूमी या सरकारी साइटवरून डिजिटल सहीचा काढून घ्या. वाटणी किंवा खरेदी झाली असेल तर फेरफार क्रमांक टिपून ठेवा. विक्रीसाठी बाजार समितीतल्या आडत्यांच्या हिशोबपट्ट्या, खर्चासाठी औषधं-खतांची बिलं आणि मजुरीची वही, एवढं एका लिफाफ्यात ठेवायला सांगा. एकूण उत्पन्न आणि खर्च वेगवेगळे दाखवायचे असतात. फक्त निव्वळ आकडा घेऊन क्लायंट आला तर त्याला परत पाठवलेलं बरं.

ओटीपी आणि बँक खातं

ओटीपी दोन प्रकारचे आहेत आणि त्यांची गल्लत रोज होते. प्रोफाइलमध्ये नोंदवलेल्या मोबाइलवर येतो तो पोर्टलचा. आधार ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. पोर्टलवर मुलाचा नंबर आणि आधारला वडिलांचं बंद पडलेलं सिम, असं असेल तर रिटर्न अपलोड होतं पण ई-व्हेरिफाय, म्हणजे ते आपलंच असल्याची ऑनलाइन खात्री, होत नाही. अपलोडनंतर 30 दिवसांत व्हेरिफाय झालं तर अपलोडची तारीखच भरल्याची तारीख धरतात. उशीर झाला तर व्हेरिफाय केल्याची तारीख धरतात आणि मुदतीत अपलोड करूनही विलंब शुल्क लागू शकतं. आधारचा नंबर चालू नसेल तर नेट बँकिंग, आधीच वैध केलेल्या बँक किंवा डीमॅट खात्यावरून मिळणारा पडताळणी कोड (ईव्हीसी), असे रस्ते आहेत. हे सगळं क्लायंट पहिल्यांदा कागद घेऊन येतो त्याच दिवशी विचारायचं.

रिफंडसाठी खातं वैध होत नसेल तर तीन कारणं तपासा. बँक शाखेच्या आयएफएससी कोडचा पाचवा वर्ण नेहमी शून्य असतो, तिथे इंग्रजी ओ टाकला जातो. बँक विलीन झालेली असते: देना आणि विजया 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात, आंध्र आणि कॉर्पोरेशन 2020 मध्ये युनियन बँकेत गेल्या, आणि पासबुक अजून जुनंच असतं. किंवा पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव आणि बँकेत नुसतं आद्याक्षर असतं. पतसंस्थेच्या बचत खात्यावर रिफंड येत नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाका.

टीडीएसचं चलन जुळत नाही तेव्हा

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, याचं रिटर्न आरपीयू या सॉफ्टवेअरमध्ये भरतात. तिथे सगळं बरोबर दिसतं आणि तपासून अपलोडसाठीची एफव्हीयू फाइल बनवताना चलनावर अडतं. बहुतेक वेळा सीएसआय फाइलच्या (भरलेल्या चलनांची पोर्टलवरून उतरवलेली यादी) तारखांच्या मर्यादेत त्या चलनाची तारीख बसत नसते. मार्चचा टीडीएस 30 एप्रिलला भरला आणि सीएसआय 31 मार्चपर्यंतची काढली, तर चलन सापडणार कुठून? तारीख तिमाहीची न घेता पैसे भरल्याची घ्या. चलन आजच भरलं असेल तर थोडा दम धरा आणि सीएसआय नव्याने उतरवा.

टीडीएस सोडून अग्रिम किंवा स्वयंनिर्धारण कराचं चलन भरताना करनिर्धारण वर्ष चुकलं तर पोर्टलवरून दुरुस्ती 7 दिवसांत करता येते, मेजर किंवा मायनर हेड (कर आणि भरण्याचा प्रकार सांगणारे कोड) चुकलं तर 30 दिवसांत. म्हणून चलनाची पावती त्याच संध्याकाळी वाचा.

जीएसटी, थोडक्यात

बिल क्रमांक 16 वर्णांपेक्षा मोठा चालत नाही आणि त्यात तिरकी रेघ व आडवी रेघ एवढीच चिन्हं चालतात. तीन अक्षरं, रेघ, 2025-26, रेघ आणि पाच आकडी क्रमांक: 3, 1, 7, 1, 5 मिळून 17. एका वर्णाने अडतं. वर्ष 25-26 असं लिहिलं की 15 होतात. ही सुधारणा एप्रिलच्या पहिल्या बिलाआधी करून द्यायची, मधेच मालिका बदलली तर हिशोब तपासताना गोंधळ होतो.

युटिलिटीची आवृत्ती

5 जुलै 2024 रोजी युटिलिटी बदलली आणि अल्पकालीन भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर कलम 87ए ची, कमी उत्पन्नवाल्यांसाठीची करसवलत मिळेनाशी झाली. त्याच माणसाचं, तेच उत्पन्न, पण 4 तारखेला एक कर आणि 6 तारखेला दुसरा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हापासून गणनेच्या कागदावर युटिलिटीचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख लिहिण्याची सवय ठेवावी. हीच गोष्ट व्याजाची: मुदतीच्या रात्री बनवलेली फाइल दुसऱ्या दिवशी अपलोड केली तर कलम 234ए चं, उशिरा रिटर्न भरल्याबद्दल बाकी करावरचं, महिन्याला 1 टक्का व्याज नव्याने लागतं आणि जुन्या फाइलमधला आकडा कमी पडतो. फाइल पुन्हा बनवा, फरक भरा, मग अपलोड.

आणि पोर्टल खरोखरच बंद असेल तेव्हा स्क्रीनशॉट घ्या, पण खालच्या पट्टीतली तारीख-वेळ दिसेल असा, नुसत्या एररचा नको. पोर्टलवर किंवा ईमेलने तक्रार नोंदवून तिचा क्रमांक फाइलला लावा. सकाळी सहा-सातला पुन्हा प्रयत्न करा, त्या वेळी गर्दी कमी असते. अपलोड झाल्यावर 15 आकडी पोचपावती क्रमांक दिसेपर्यंत टॅब बंद करू नका आणि पोचपावतीची पीडीएफ क्लायंटच्या फोल्डरमध्ये टाकून मगच पुढच्या फाइलला हात घाला.