जनडेकवर नाव आहे का? अकरा दिवसांच्या ड्युट्या आणि क्रूच्या व्हिसाची गोष्ट

काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट तिसऱ्यांदा पहिल्या पानापासून चाळला आणि विचारलं, "जर्मनीचा व्हिसा कुठे आहे?"

अंगावर युनिफॉर्म, गळ्यात केबिन क्रूचं ओळखपत्र, शेजारी क्रू बॅग. तरी तिचा प्रश्न रास्तच होता. तिच्या लेखी त्या दिवशी मी क्रू नव्हतेच, दुसऱ्या एअरलाइनच्या विमानाचं तिकीट घेऊन आलेली प्रवासी होते. फ्रँकफर्टला आमची एक सहकारी आजारी पडली होती. तिच्या जागी परतीची फ्लाइट करायला मला स्टँडबायवरून, म्हणजे राखीव ड्युटीवरून, उचललं होतं. ड्युटीवर पोचण्यासाठी प्रवासी म्हणून केलेल्या अशा प्रवासाला आम्ही डेडहेड म्हणतो, आणि व्हिसाची सगळी भानगड इथेच होते.

गंमत म्हणजे त्याच्या चारच दिवस आधी मी ब्रिटनचा व्हिसा नसताना लंडनला दोन रात्री राहून आले होते. तिथे कुणी चकार शब्द काढला नाही, कारण त्या फ्लाइटच्या जनरल डिक्लरेशनवर, म्हणजे फ्लाइटसोबत जाणाऱ्या अधिकृत कागदावर, आमच्या बोलीत जनडेकवर, क्रूमध्ये माझं नाव होतं. ब्रिटनच्या 1971च्या इमिग्रेशन कायद्यात क्रूसाठी सोय आहे: विमानाचा क्रू म्हणून आलात आणि सात दिवसांच्या आत त्याच किंवा दुसऱ्या विमानाचा क्रू म्हणून जाणार असाल, तर वेगळी परवानगी लागत नाही. मात्र पूर्वी कधी तिथे प्रवेश नाकारला गेला असेल आणि त्यानंतर परवानगी मिळालेली नसेल, तर ही सोय विसरा. तसं काही असेल तर रोस्टरवर, म्हणजे ड्युट्यांच्या वेळापत्रकावर, लंडन दिसताच क्रू कंट्रोलला, म्हणजे ड्युट्या लावणाऱ्या विभागाला, सांगून टाका. विमानतळावर पोचल्यावर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

क्रूच्या सवलतींचं मूळ इकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या, अनेक्स 9 या परिशिष्टात आहे. 1949 साली तो पहिल्यांदा मंजूर झाला. जनडेकचा नमुनाही त्यातलाच, आणि क्रू मेंबर सर्टिफिकेट हे क्रूचं अधिकृत ओळखपत्रही. पण प्रत्येक देश ते आपल्या पद्धतीने लावतो. नवीन मुलं विचारतात, "ताई, क्रूला व्हिसा लागतो का?" मी उलट विचारते, "कुठे जातोयस, आणि कसा जातोयस?"

तर ती काउंटरवरची मुलगी. तिच्यासमोर टिमॅटिक उघडं होतं. कुठल्या पासपोर्टला कुठे काय लागतं हे एअरलाइन्स त्यातच बघतात. क्रूसाठीचा मजकूर त्यात वेगळा असतो. तिने तो वाचला आणि म्हणाली, ड्युटीवर चालला आहात याचं पत्र दाखवा. माझ्याकडे होतं फक्त फोनवरचं रोस्टर. क्रू कंट्रोलला फोन केला, दहा मिनिटांत ईमेल आला. त्यात लिहिलं होतं, "आमच्या कर्मचारी कंपनीच्या कामानिमित्त प्रवास करत आहेत."

हे पत्र नसतं तर बरं, अशी वेळ आली. कंपनीच्या कामासाठी जाणारा माणूस म्हणजे बिझनेस प्रवासी, आणि बिझनेस प्रवाशाला व्हिसा लागतो! मुलीने मान हलवली. दुसरं पत्र येईपर्यंत गेट बंद झालं होतं. पुढची फ्लाइट तीन तासांनी होती.

दुसऱ्या पत्रात काय होतं ते नीट सांगते, कारण डेडहेडवर जाणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच मागून घ्यावं. पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव आणि पासपोर्ट नंबर. मी केबिन क्रू आहे आणि अमुक तारखेला अमुक नंबरच्या फ्लाइटवर क्रू म्हणून काम करायला चालले आहे, हे स्पष्ट वाक्य. फ्लाइट नंबर नसेल तर त्या पत्राला काही अर्थ नाही. शिवाय राहण्याची आणि परत आणण्याची जबाबदारी कंपनीची, हेही. सही-शिक्क्यासह. मी हल्ली त्याची छापील प्रत ठेवते. ऐन वेळी फोनची बॅटरी संपली तर रडायला नको.

फ्रँकफर्टच्या इमिग्रेशनला मात्र दोन मिनिटंही लागली नाहीत. अधिकाऱ्याने क्रूचं सर्टिफिकेट पाहिलं, पत्र वाचलं, परतीची फ्लाइट कधी ते विचारलं, संपलं. काउंटरवर खोळंबा आणि सीमेवर सरळ रस्ता, हे उलटं वाटतं खरं. पण कागद अपुरे असलेला प्रवासी आणला तर दंड एअरलाइनला होतो, म्हणून काउंटरवरचा माणूस सीमेवरच्या माणसापेक्षा जास्त घाबरतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका, त्याच्या पर्यवेक्षकाला पत्र दाखवा. मी अर्धा तास हुज्जत घातली, तेवढ्यात पत्र दुरुस्त होऊन आलं असतं.

शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांचा, नियम वाचून ठेवण्यासारखा आहे. वैमानिकाचं लायसन्स किंवा अनेक्स 9प्रमाणे क्रू मेंबर सर्टिफिकेट असलेल्यांना ड्युटीच्या ओघात तीन गोष्टी करता येतात: विमानतळावर चढणं-उतरणं, तो विमानतळ ज्या पालिकेच्या हद्दीत आहे त्या हद्दीत जाणं, आणि तिथून फ्लाइट पकडायची असेल तर दुसऱ्या विमानतळावर पोचणं. 'पालिकेच्या हद्दीत' या शब्दांकडे लक्ष द्या. आमच्यातली एक जण नुकतीच आंतरराष्ट्रीय फ्लाइट्सवर आलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉटेलच्या लॉबीत तयार होऊन उभी. विमानतळाच्या स्टेशनवरून एस8 लोकल पकडली की अर्ध्या तासात माइन्त्स, छापखान्याचं म्युझियम बघून दुपारपर्यंत परत, असा बेत. बेत झकास होता, पण माइन्त्स वेगळी पालिका, किंबहुना वेगळं राज्य. तिच्याकडे शेंगेन व्हिसा नव्हता. ती हिरमुसली. मग आम्ही फ्रँकफर्टमध्येच नदीकाठाने चाललो, तेही काही वाईट नव्हतं.

तिसरी ड्युटी न्यूयॉर्कची, आणि तिथे जनडेकची जादू चालत नाही. पूर्वी अख्ख्या क्रूच्या यादीवर एकच व्हिसा मिळायचा. 2004मध्ये अमेरिकेने तो बंद केला. आता प्रत्येकाचा स्वतंत्र व्हिसा लागतो, बहुतेकांकडे असतो तो सी1/डी. डी म्हणजे क्रू म्हणून येण्यासाठी, सी1 म्हणजे विमानावर रुजू होण्यासाठी प्रवासी म्हणून येताना. दोन्ही एकत्र, म्हणून डेडहेडचीही चिंता मिटते. आमच्या कॅप्टनच्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून एस्टावर, म्हणजे व्हिसाऐवजी ऑनलाइन मिळणाऱ्या परवानगीवर, अमेरिकेला जाता येतं, पण ड्युटीसाठी त्यांनाही सी1/डी घ्यावाच लागला. व्हिसा वेव्हरवर, म्हणजे या व्हिसामाफीवर, क्रू म्हणून येता येत नाही.

माझा व्हिसा जुन्या, मुदत संपलेल्या पासपोर्टात आहे. त्याने अडत नाही. स्टिकर धड असेल आणि व्हिसाची मुदत बाकी असेल तर जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे. मी रबर बँड लावून ठेवते. स्टिकर उचकटून नव्यात चिकटवायचा उद्योग करू नका, व्हिसा बाद होतो.

पण नव्या पासपोर्टाने मला दुसरीकडे जवळजवळ अडकवलंच. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांच्या क्रूची नावं मास्टर क्रू लिस्टमध्ये, म्हणजे एअरलाइनने अमेरिकेला आधीच दिलेल्या क्रूच्या यादीत, असावी लागतात, आणि त्यातली भर निदान 24 तास आधी पाठवावी लागते. शिवाय त्या फ्लाइटच्या क्रूची यादी उड्डाणाच्या किमान 60 मिनिटं आधी. मी पासपोर्ट बदलल्याचं ऑफिसला कळवलं होतं, पण यादीत जुनाच नंबर राहिला होता. सहज म्हणून विचारलं, तेव्हा हे उघड झालं. उड्डाणाला तीन दिवस होते, म्हणून वाचले. नाहीतर रिपोर्टिंगच्या वेळी घरी परत. पासपोर्ट नवा झाला की 'सांगितलं आहे' यावर राहू नका, बदल झाला का ते स्वतः विचारा.

न्यूयॉर्कला इमिग्रेशनच्या खिडकीवर अधिकाऱ्याने विचारलं, किती रात्री, कुठलं हॉटेल. हॉटेलचं नाव मला आठवेना. पाच वेळा राहिलेलं हॉटेल! मागे उभ्या पर्सर मॅडमनी, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखांनी, सांगितलं. नाव-पत्ता कागदावर लिहून ठेवा.

परतीच्या आदल्या रात्री त्याच नवीन मुलीने विचारलं, "ताई, सी1/डीवर 29 दिवस राहता येतं ना? मग मी सुट्टी टाकून बहिणीकडे राहू का, नंतर स्टाफ तिकिटावर येईन."

नाही. 29 दिवस ही कमाल मर्यादा आहे, आणि तीही ड्युटीतल्या मुक्कामासाठी. हा मुक्काम वाढवून मिळत नाही, तिथे बसून दुसऱ्या व्हिसात बदलताही येत नाही. बहिणीकडे जायचं तर बी1/बी2 हा भेटीसाठीचा व्हिसा वेगळा काढायचा आणि त्यावर प्रवासी म्हणून यायचं. तिने तिथेच फोन काढून डीएस-160 हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म उघडला. मी म्हटलं, "अगं, सकाळी साडेपाचला पिकअप आहे, झोप आधी."

बेसवर उतरले तोवर पुढच्या महिन्याचं रोस्टर आलं होतं. त्यात सिडनीला डेडहेड आहे. ऑस्ट्रेलियात पासपोर्टावर काही चिकटवत नाहीत. क्रूसाठी स्पेशल पर्पज व्हिसा कायद्यानेच लागू होतो, पोझिशनिंगवर, म्हणजे डेडहेडवर, असणाऱ्यांनाही. तरी क्रू कंट्रोलला पत्राचा ईमेल मी क्रू बसमधूनच टाकला, फ्लाइट नंबर ठळक करून.