सिस्टर, तुम्हाला भीती नाही वाटत?

ऑपरेशनच्या आदल्या रात्री हा प्रश्न हमखास येतो. माझ्या गळ्यातला क्रूस दिसतो, मग पेशंट किंवा उशाशी बसलेली बाई विचारते, "सिस्टर, तुम्ही येशूला मानता ना? मग तुम्हाला मरणाची भीती वाटत नसेल." तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: वाटते. नाईट ड्युटीला मॉनिटर अचानक वाजला की आजही पोटात गोळा येतो. माझं स्वतःचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हा संमतीच्या कागदावर सही करताना हात थरथरत होता.

आमच्या प्रार्थनासभांत साक्ष देताना लोक सांगतात, विश्वास ठेवला आणि भीती पळाली. कुणाची पळतही असेल. पण आजारी माणसाला 'घाबरतोस म्हणजे तुझा विश्वास कमी' असं ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. बायबलमधलं ५६वं स्तोत्र, म्हणजे प्रार्थनागीत, दावीद राजाचं, गथ नावाच्या गावात पलिष्टी शत्रूंच्या तावडीत सापडला तेव्हाचं. भीती वाटते हे तो लपवत नाही, आणि त्याच दमात देवावर भरवसा टाकतो.

आणि खुद्द येशू? अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना त्यानं जवळ घेतलं, माझा जीव मरणाइतका कासावीस झालाय म्हणाला, जागे राहा म्हणाला. ते झोपले. तो जमिनीवर पालथा पडून देवपित्याला विनवत राहिला, की होत असेल तर हा दुःखाचा प्याला टळू दे, तरी तुझ्याच मनासारखं होऊ दे. प्याला काही टळला नाही. पण तो उठला, झोपलेल्यांना उठवलं आणि पकडायला आलेल्यांना सामोरा गेला. मला धीर येतो तो इथे. ज्याला मी माझी भीती सांगते त्याला ती ठाऊक आहे. त्याच्यापुढे धीटपणाचं नाटक करावं लागत नाही.

जर्मनीतले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, डीट्रिख बॉनहोफर हिटलरच्या विरोधात गेले, १९४३ साली तुरुंगात पडले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी झाली. १९४४ मध्ये कोठडीत लिहिलेल्या एका कवितेत ते म्हणतात की इतरांना मी शांत आणि प्रसन्न दिसतो, आत मात्र तडफडतो आहे. यातला खरा मी कोणता, हे त्यांना सुटत नाही. कसाही असलो तरी देवा, मी तुझा, एवढ्यावर ते थांबतात. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर मी कोण?

म्हणून कुणी "प्रार्थना करा" म्हणालं की मी आधी विचारते, नेमकं कशाचं भय वाटतंय? भूल उतरलीच नाही तर? मुलीचं लग्न राहिलं तर? तेवढंच देवाला सांगते. सगळं नीट होईल असं वचन मी देत नाही, ते माझ्या हातात नाही. आणि हो, भुलीच्या डॉक्टरांपासूनही काही लपवू नका, दमा असो की तंबाखू. प्रार्थना झाली म्हणून ऑपरेशनच्या सकाळी गुपचूप चहा प्यायचा नाही.