तुम्ही विचारलंत म्हणून : नास्तिकांना विधी कशाला हवेत?

मी देव मानत नाही हे ठाऊक असलेले लोक, मी एखाद्या निधर्मी नामकरणाला किंवा शोकसभेला गेल्याचे कळले की हमखास विचारतात, ‘धर्म सोडलात, मग त्याचे विधी कशाला धरून ठेवलेत?’ यातला टोमणा मला मान्य आहे, कारण उसनवारी झालेलीच आहे; फक्त ती एकाच बाजूने झालेली नाही.

ऑग्यूस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८४९ मध्ये एक दिनदर्शिका मांडली. तिच्यात २८ दिवसांचे १३ महिने होते आणि दररोज संताऐवजी एखाद्या कवीचे, शास्त्रज्ञाचे किंवा राज्यकर्त्याचे स्मरण करायचे होते. गंमत अशी की तिचा पहिलाच महिना मोझेसच्या नावाचा आणि सहावा सेंट पॉलच्या. म्हणजे देवाला रजा देणाऱ्या गृहस्थांचे वर्ष प्रेषिताशिवाय सुरू होईना. ती फारशी रुजली नाही, आणि मला वाटते, आधी गरज नसताना कागदावर आखलेला विधी असाच वाळून जातो. उलट नॉर्वेत १९५१ पासून चर्चच्या दृढीकरण विधीला, म्हणजे किशोरवयात मुलांची श्रद्धा पक्की करण्याच्या विधीला, समांतर असा निधर्मी सोहळा होतो आणि तो टिकला आहे, कारण वयात येणाऱ्या मुलांचे कौतुक करण्याचा एक दिवस घरोघरी आधीपासूनच ठरलेला होता.

धर्माने मात्र आमच्याकडून संशय उचलला. आजारी माणसे बरे होण्याच्या आशेने जातात त्या फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्री १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याच्या दाव्यांच्या तपासणीत तिथे कोणत्याही श्रद्धेचे, किंवा कसलीच श्रद्धा नसलेले, डॉक्टर भाग घेऊ शकतात, आणि हजारो दाव्यांपैकी चमत्कार म्हणून मान्य झालेले शंभरसुद्धा नाहीत. मदर तेरेसांना ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यापूर्वी चर्चने ख्रिस्तोफर हिचन्स या त्यांच्या कट्टर नास्तिक टीकाकाराची साक्ष नोंदवून घेतली, आणि २००३ मध्ये त्यांना धन्य घोषित केलेच. निर्णय बदलला नाही, पण विरोधकाला बोलावून ऐकणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

राहिला प्रश्न माझा. मागे एका निधर्मी शोकसभेत सगळे मौन पाळून उभे असताना माझे हात नकळत जोडले गेले होते. ते सोडावेत की तसेच राहू द्यावेत, हे ठरेपर्यंत दोन मिनिटे संपली.