खालची कवळी का हलते आणि तिच्याशी कसं जमवावं

‘वरची छान बसली, खालची मात्र नुसती नाचते.’ पूर्ण कवळी बसवलेल्या बहुतेकांची तक्रार हीच असते. मग खालची कवळी डबीत पडून राहते आणि माणूस पेज-खिचडीवर दिवस काढतो. दोष दरवेळी डॉक्टरचा नसतो, घालणाऱ्याचा तर नसतोच. हे आधीच नीट सांगितलं गेलं, तर पुष्कळ कवळ्या डबीतून तोंडात येतील.

वरची कवळी अख्खा टाळू झाकते. टाळू आणि कवळी यांच्यात लाळेचा पातळ थर बसतो, कडा सगळीकडून बंद होतात आणि हवा आत शिरत नाही. दोन ओल्या काचा एकमेकींना धरून बसतात, तसंच हे. खालची कवळी घोड्याच्या नालेसारखी. मधली जागा जिभेची, म्हणून टेकायला पृष्ठभाग वरच्याच्या साधारण निम्मा. जीभ, गाल, ओठ तिला सतत ढकलत असतात. त्यातच दात गेल्यावर खालच्या जबड्याचं हाड वर्षानुवर्षांत वरच्याच्या जवळपास चौपट झिजतं. दात काढून वीस वर्षं कवळीविना गेली असतील, तर डॉक्टरच्या हाती टेकवायला उंचवटाच फारसा उरत नाही.

कवळी करायला साधारण पाच-सहा खेपा लागतात. पहिलं माप, त्यावरून खास तुमच्या तोंडाचा माप घ्यायचा ट्रे, मग कडांसकट बारीक माप, जबडे मिटल्यावर दोन्हींमध्ये किती अंतर राहावं ती उंची, मेणात बसवलेल्या दातांची चाचणी आणि शेवटी पक्की कवळी. दात नुकतेच काढले असतील तर हिरड्या भरून यायला दीड-दोन महिने थांबावं.

यातली मेणाची चाचणी घाईत उरकू नका. दात मेणात असतात, तोवर सगळं बदलता येतं. कवळीचं प्लास्टिक, म्हणजे ॲक्रिलिक, एकदा शिजून पक्कं झालं की मग बदलता येत नाही. आरसा घेऊन खिडकीपाशी उजेडात बघा, घरचं कुणी सोबत न्या. साठ ते सत्तर मोठ्याने मोजा: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... ‘स’ म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांवर टकटक आपटले तर उंची जास्त झाली आहे. उलट हनुवटी नाकाकडे सरकून चेहरा मिटल्यासारखा दिसला तर उंची कमी. तीच कवळी तशीच घेतली तर पुढे ओठांचे कोपरे ओले राहून चिरतात.

कवळी मिळाल्यावर पहिले काही दिवस लाळ खूप सुटते, ती आपोआप कमी होते. दुसऱ्याच दिवशी दाखवायला जायचं. कुठे टोचत असेल तर जाण्याआधी काही तास कवळी घालून ठेवा, म्हणजे हिरडीवर लाल डाग दिसतो आणि डॉक्टर नेमकी तेवढीच जागा घासतात. घरी पॉलिश पेपरने घासू नका. कड गेली की पकड गेली.

खालच्या कवळीचं खरं गुपित जिभेत आहे. जीभ मागे ओढून धरायची सवय असेल तर कवळी उचलली जाते. जिभेचा शेंडा खालच्या पुढच्या दातांना आतून हलका टेकवून ठेवा, तोंड उघडतानाही. घास लहान, आणि थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे, दोन्हीकडे एकदम चावायचा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उठते. पेरू पुढच्या दातांनी तोडायचा नाही, फोडी करून मागच्या दातांनी खायचा. भाकरी आमटीत कुस्करून सुरुवात करा. तीळ आणि पेरूच्या बिया खाली शिरून सुईसारख्या टोचतात. अशा वेळी कवळी काढून धुणं हाच उपाय. सराव व्हायला दीड-दोन महिने धरून चाला.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा. हिरड्यांना विश्रांती हवी, नाहीतर टाळू लालभडक होऊन बुरशी धरते. धुताना खाली पाणी भरलेलं घमेलं ठेवा, हातातून निसटली तरी फुटत नाही. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. टूथपेस्टने बारीक चरे पडतात, त्यात घाण बसते. उकळतं पाणी कधीच नको, कवळी वाकडी होते.

चांगली बसलेली कवळी काही वर्षांनी सैल झाली तर हाड झिजलेलं असतं. आतून नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट करता येते. चिकटवायच्या क्रीमचे थरावर थर देऊन दिवस ढकलू नका. जस्त असलेली क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट वापरल्याने मज्जातंतूंना इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

एवढं करूनही खालची बसत नसेल, तर पुढच्या भागात दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे धातूचे स्क्रू) घालून त्यांवर कवळी अडकवता येते. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असं म्हटलं होतं. खर्च बराच वाढतो, पण पैसा मोजकाच असेल तर तो वरच्या जबड्यापेक्षा या दोन इम्प्लांटवर घालावा.