विश्वास तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, तरुण मुलं विचारतात, शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनीही विचारलं होतं, की तुमच्या घरात पणजोबांपासून बायबल आहे, मग प्रभुभोजनाच्या आधी, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर घेण्याआधी, पाळकसाहेब आत्मपरीक्षा करा म्हणतात तेव्हा डोळे मिटून तुम्ही तपासता तरी काय?

खरं सांगते, कितीतरी वर्षं मी भलतंच तपासत होते. प्रार्थनेत मन लागतं का, आठवड्यात बायबल किती वेळा उघडलं, कुठे खोटं बोलले का, एवढं मनात फिरवायचं आणि भाकर घ्यायची. त्यात माझी प्रार्थना चांगली होते असं सगळे म्हणायचे, महिला मंडळात कुणी आजारी असलं की "ताई, तुम्हीच करा", आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं.

मग सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या नगर जिल्ह्यात गावाकडे धाकट्या जाऊकडे असतात, आम्ही पुण्यात. मी दर महिन्याला पैसे पाठवायचे आणि फोनवर सूचना करायचे, गोळी दिली का, कूस बदलली का, पाठीला जखम कशी झाली. एकदा तर बोलून गेले, "तू घरीच तर असतेस, एवढंही जमत नाही का?" ती काही बोलली नाही. आणि त्याच आठवड्यात मी महिला मंडळात सासूबाईंच्या सेवेची संधी दिल्याबद्दल प्रभूचे आभार मानले, दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या महिन्यात न कळवता गावी गेले. दुपारची वेळ, दार उघडंच होतं. जाऊने सासूबाईंना खाटेच्या कडेला बसवून त्यांचे पाय घमेल्यात कोमट पाण्यात सोडले होते आणि जुन्या टूथब्रशने टाचेच्या भेगांतला मळ काढत होती, अगदी हळू, एकेक भेग. टॉवेल बाहेर वाळत होता म्हणून तिने पदरानेच बोटांच्या बेचक्या पुसल्या. कुणाची शेळी व्याली ते सांगत होती. दिवसभर कुरकुरणाऱ्या सासूबाई डोळे मिटून शांत बसलेल्या. मी हातात बॅग घेऊन दारातच उभी. येशूने शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले हा धडा मी संडे स्कूलमध्ये किती वर्षं शिकवला असेल, चित्र दाखवून.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते तसंच शेजारच्या बाईंकडे दिलं. मला घ्यायला जमेना.

घरी येऊन बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 11वा अध्याय काढला. आत्मपरीक्षेचं वचन पाठ होतं, पण त्याच्या आधी पौल काय म्हणतो ते मी कधी नीट वाचलंच नव्हतं. करिंथच्या मंडळीत तेव्हा खरोखरचं जेवण असायचं, आणि ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊनपिऊन मोकळे व्हायचे, काहीजण तर पिऊन झिंगलेले, आणि गरीब उपाशी राहायचे. पौल चिडलाय तो त्याच्यावर, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता म्हणून. आत्मपरीक्षेचं ते वाक्य याच रागाच्या ओघात येतं! म्हणजे माझ्यासाठी प्रश्न असा झाला की मी ताटावर बसले तेव्हा कोण खाली मान घालून उठलं.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे येतेच. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि नंतर त्यांनी स्वतःच लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. संस्कृत पंडितांनी सरस्वती म्हणून गौरवलेली बाई, पुढे मराठी बायबलसाठी हिब्रू-ग्रीक शिकलेली, ती हे जगासमोर लिहिते. मी ते अनेकदा वाचलं होतं, पण वाचताना ते माझ्याबद्दलही असू शकतं असं एकदाही मनात आलं नाही, कारण आम्ही तर जन्माचेच ख्रिस्ती.

नम्रतेचंही तसंच. "प्रभू, मी पापी, मी अपात्र" हे मला सुंदर म्हणता येतं, अजूनही येतं. पण जाऊने "ताई, तसं नाही, आधी उशी लावा" म्हटलं की आतून काहीतरी ताठ होतं, ते गप्प बसवून उशी लावणं मला अवघड जातं. म्हणून आता डोळे मिटते तेव्हा माणसं आठवते. या महिन्यात कुणाला तोडून बोलले, कुणाच्या कष्टाचं श्रेय घेतलं, कुणाचा फोन मुद्दाम उचलला नाही. कधी एकाच नावाशी अडकते आणि तोवर ताट येतं.

त्या सोमवारी जाऊला फोन केला, म्हटलं मी तुला जे बोलले ते चुकलं माझं, आणि मंडळात तुझी सेवा मी माझी म्हणून सांगितली तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, येताना भेगांचं मलम आणा, इथलं संपलंय."

आता महिन्यातून दोन दिवस जाते. पहिल्यांदा मी पाय धुवायला बसले तर पाणी इतकं कढत होतं की सासूबाईंनी पाय झटकन ओढून घेतला, माझ्या अंगावर पाणी उडालं. जाऊ चुलीपुढून उठली, पिठाचा हात तसाच, घमेल्यात तांब्याभर गार पाणी ओतलं, बोट बुडवून पाहिलं, "आता घ्या" म्हणाली आणि परत भाकरी थापायला गेली.